दोघांचं घर, दहांची प्रार्थना

अलिबागच्या मासळीबाजारात आजींची कोळीण ठरलेली आहे. आजी दिसल्या की ती आधी कोळंबीची पाटी मागे सारते, मुशीवर ओलं फडकं टाकते आणि पापलेट, रावस पुढे करते. त्या दिवशी बांगडा चांगला आला होता. तिनं एक उचलला, शेपटीकडून डोक्याकडे उलटा अंगठा फिरवला आणि अंगठ्याला चिकटलेले बारीक खवले मला दाखवले. "आजीला पंख पण लागतो नि खवलं पण लागतं. खेकडा, शिवल्या, कालवं काय नाय चालत. या घराला काय द्यायचं ते माझ्या सासूनं मला शिकवलंय." मासे कापून देऊ का, असं मात्र तिनं विचारलं नाही. तिच्या विळीवर सकाळपासून मुशी कापून झालेली असते, हे दोघींनाही ठाऊक. आजी मासे अख्खेच घरी नेतात.

आजी कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या. या समाजाची सगळ्यात लाडकी कथा अशाच एका पाटीभोवती घडते. परंपरा सांगते, की पूर्वजांचं गलबत नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलं आणि सात पुरुष, सात बाया वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे ही माणसं कोकणातल्या गावोगावी तेलाचे घाणे चालवत, मराठी बोलत राहिली. शनिवारी त्यांचा घाणा बंद असायचा, म्हणून गावानं त्यांना शनवार तेली म्हटलं. मग कधीतरी दावीद रहाबी नावाचा एक ज्यू इथे आला. हे लोक खरोखर आपलेच का, हे पाहण्यासाठी त्यानं घरातल्या बायांपुढे निरनिराळी मासळी ठेवली. बायांनी पंख-खवल्यांची निवडून घेतली, बाकीची बाजूला काढली. रहाबी कोणत्या शतकात आला, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला या कथेत महत्त्वाचं वाटतं ते हे, की परीक्षा पुरुषांच्या पाठांतराची झाली नाही. ती चुलीपाशी झाली आणि चूल उत्तीर्ण झाली.

या अंकासाठी संपादकांनी 'एका घराचं वर्ष' हा विषय दिला, तेव्हा मला आजींचं घर आठवलं. अलिबाग तालुक्यातली नारळी-पोफळीची छोटी वाडी, कौलारू घर, ओटीवर झोपाळा. आजोबा 81 वर्षांचे, मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नोकरी करून निवृत्त झालेले. आजी 76 वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर शिकवलेलं, त्यामुळे अर्धा गाव अजून त्यांना बाईच म्हणतो. मुलगी ठाण्याला आणि मुलगा इस्रायलमध्ये अश्दोदला. नावं छापू नका, एवढीच त्यांची अट होती. 2024च्या दसऱ्यापासून यंदाच्या, म्हणजे 2025च्या, नवरात्रापर्यंत मी या घरी येत-जात राहिले.

दोन पंचांगं

स्वयंपाकघराच्या दाराशी दोन कॅलेंडरं शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एक घरोघरी असतं ते, दुधाचा हिशेब लिहायचं. दुसरं ज्यू वर्षाचं, ठाण्याहून मुलगी पाठवते ते. आजी दोन्हींवर एकाच पेन्सिलीनं खुणा करतात.

दोन्ही कालगणना चंद्रावर चालतात आणि ऋतू चुकू नयेत म्हणून अधूनमधून एक महिना जास्तीचा धरतात. आपण अधिक मास म्हणतो तेच. ज्यू गणनेत 19 वर्षांत सात वेळा असा महिना येतो. त्यामुळे पौर्णिमेचे सण बरेचदा एकमेकांच्या अंगावर येतात. यंदा 13 मार्चला गावात होळी पेटली, त्याच संध्याकाळी या घरात पुरिमची सुरुवात झाली. या पुरिमला बेने इस्रायल पूर्वापार होळीचा सण म्हणत आले. चैत्री पौर्णिमेला, 12 एप्रिलला, मारुतीच्या देवळात जन्मोत्सव झाला आणि सूर्य मावळल्यावर इकडे पेसाह लागला. दसरा आणि किप्पूर गेल्या वर्षीही एकाच दिवशी आले आणि यंदाही.

सणांची जुनी मराठी नावं आजींच्या तोंडात अजून आहेत. नवीन वर्ष म्हणजे नव्याचा सण. किप्पूर म्हणजे दरफाळणीचा सण, दारं लावून घ्यायचा. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्माचा आणि आप्तांना भेटण्याचा. जेरुसलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या दुःखाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा. यंदा तो 3 ऑगस्टला आला. दिवसभर पाण्याचा थेंब नाही, आणि संध्याकाळी उपास सोडायला मोड आलेल्या वालाचं बिरडं. शेजारच्या घरीही त्या आठवड्यात बिरडं होतं, कारण श्रावण होता. वाल सोलायला दोन्ही घरच्या बाया आमच्या आजींच्या ओटीवरच बसल्या होत्या.

पेसाहचं काम सगळ्यात अंगावर येणारं. आठ दिवस घरात आंबवलेलं काही नको. पिठाचे डबे रिकामे करायचे, फळ्या धुवायच्या, भिंतींना चुना, तांब्याच्या भांड्यांना कल्हई. कल्हईवाला आता गावात येत नाही, म्हणून आजोबा भांडी पोत्यात भरून रिक्षानं घेऊन जातात. यंदा सणाची पहिली रात्र नेमकी शनिवारी आली. शनिवारी विसावा, हात लावायचा नाही, म्हणजे सगळं शुक्रवारी दिवे लागायच्या आत उरकायला हवं. आजींनी खजूर गुरुवारीच शिजवून, फडक्यातून गाळून, पुन्हा आटवून ठेवला होता. इस्रायली माणसं मिसरात गुलाम असताना ज्या चिखलमातीनं विटा पाडत, तिची आठवण म्हणून हा गोड लगदा ताटात असतो. भात मात्र चालतो. युरोपातून आलेल्या ज्यूंमध्ये या सणात भात वर्ज्य मानण्याची रीत आहे. कोकणातल्या माणसांनी ती कधीच पाळली नाही, आणि त्यात मला धर्मापेक्षा जमिनीचा शहाणपणा जास्त दिसतो.

चिकाचा हलवा

नव्याच्या सणाला चिकाचा हलवा झालाच पाहिजे. यंदा नवं वर्ष 22 सप्टेंबरला संध्याकाळी लागलं, घटस्थापनेच्याच दिवशी. गहू त्याच्या चार दिवस आधी भिजले.

रोज पाणी बदलायचं. गहू चिमटीत दाबला की पांढरा चीक बाहेर आला पाहिजे, मग तो वाटायचा. पूर्वी पाट्यावर, आता मिक्सरमध्ये, पण थोडा थोडा आणि पाणी घालून. मग पातळ फडक्यातून पिळून काढायचा आणि रात्रभर निवळत ठेवायचा. सकाळी वर आलेलं पाणी अलगद ओतून दिलं की तळाशी घट्ट चीक राहतो. कुरडया घालणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही. पुढचं मात्र वेगळं आहे. यात तूप नाही, दूध नाही. मांसाबरोबर दुधाचं काही खायचं नाही, हा नियम आहे आणि सणाच्या जेवणात मटण असतंच. म्हणून सगळी चरबी आणि सगळी चव नारळाच्या दुधाची.

नारळ आजोबांचं खातं. ते उकिडवे बसू शकत नाहीत, म्हणून सुताराकडून खवणी खुर्चीच्या उंचीच्या चौरंगावर बसवून घेतली आहे. त्यांनी नारळ फोडले, खवले, कोमट पाण्यात कुस्करून पहिलं घट्ट दूध वेगळं काढलं, दुसरं वेगळं. आजींनी जाड बुडाच्या टोपात चीक, दूध, साखर, चिमूटभर मीठ एकत्र केलं आणि गॅस लावला.

"आता बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "हात थांबला की गाठ झाली."

पहिली वीस-पंचवीस मिनिटं काहीच घडत नाही. मग एकदम तळाशी धरायला लागतं, आणि तिथून पुढे कलथा फिरवायला खांद्याची ताकद लागते. आजींच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे. त्या दमल्या की एक शब्द न बोलता बाजूला होत, आजोबा कलथा घेत, आणि थोड्या वेळानं पुन्हा त्या पुढे येत. मिश्रण कडा सोडू लागलं, रंग पांढऱ्याकडून मोतिया झाला, नारळाचं तेल वर सुटलं. तेव्हा वेलची, जायफळ घालून त्यांनी ते ताटात ओतलं, केळीच्या पानानं थापलं आणि वर बदामाचे काप लावले. दोन तास गेले होते.

"चायना ग्रास घातलं की अर्ध्या तासात होतो," आजी म्हणाल्या. "माझी मुलगी तसाच करते. चांगला होतो."

"चांगला होतो," आजोबा म्हणाले, "पण हा नाही होत."

वड्यांचे डबे भरले गेले ते वाडीतल्या घरांसाठी. घट बसलेल्या घरांत उपास होते, म्हणून तिथला डबा नऊ दिवसांनी द्यायचा असं ठरवून आजींनी तो फ्रीजमध्ये मागे ठेवला.

दहा माणसं

हलवा दोघांत होतो. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, दोघांत होतो. शुक्रवारी संध्याकाळी आजी डोक्यावर पदर घेऊन दिवे लावतात, डोळ्यांवर हात धरून पुटपुटतात. आजोबा काळ्या मनुकांच्या सरबताचा पेला उचलून किद्दूशचा आशीर्वाद म्हणतात, भाकरी मोडतात, आणि मग दोघं जेवतात. मनुका सकाळी भिजवलेल्या असतात. द्राक्षाची दारू मिळत नसे तेव्हापासूनची ही तोड. शनिवारचा चहा शुक्रवारीच थर्मासमध्ये भरलेला असतो.

पण काही गोष्टी दोघांत होत नाहीत. सार्वजनिक प्रार्थनेला, सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, उघडून वाचायला आणि मेलेल्या माणसासाठी कद्दीश म्हणायला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. नऊ असले तरी चालत नाही. या गणसंख्येला मिन्यान म्हणतात, आणि आजोबांच्या वर्षातली निम्मी काळजी या एका गोष्टीची आहे.

अलिबागच्या इस्रायल आळीत मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे. समाज तिथे एकोणिसाव्या शतकापासून जमतो. आळीला नाव राहिलं, माणसं गेली. कोकणातून आधी लोक मुंबईला गेले, लष्करात, रेल्वेत, पोस्टात, शाळांत. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकर या बेने इस्रायल सैनिकानं बांधलं. 1948 मध्ये इस्रायल झाल्यावर ओघ तिकडे लागला. तिथेही सगळं सुखाचं नव्हतं. बेने इस्रायलांशी विवाह करावा की नाही यावर तिथल्या धर्मगुरूंनी शंका काढल्या, लोक रस्त्यावर बसले, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेनं हे सर्व बाबतीत बरोबरीचे ज्यू आहेत असा ठराव केला तेव्हा कुठे वाद शमला. आजोबांचे थोरले भाऊ त्या काळात तिकडे होते. आज भारतात उरलेले ज्यू पाच हजारांच्या आसपास, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबागेत बोटांवर मोजण्याइतकी घरं.

म्हणून इथे सण जवळ आला की फोन सुरू होतात. आजोबांच्या वहीत एक पान आहे. पेणचा एक, रेवदंड्याचे दोघे, पनवेलचे बापलेक, ठाण्याचा जावई आणि त्याचे मित्र. कोणाचा गुडघा, कोणाच्या सुनेचं बाळंतपण, कोणाची रजा नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो सुरू झाल्यापासून मुंबईकरांना येणं सोपं झालंय. गाडी बोटीत घालून तासाभरात पलीकडे. "आमची अर्धी मिन्यान बोटीतून येते," आजोबा म्हणतात. पण शनिवारी प्रवास करायचा नाही, हा नियम पाळणारा असेल तर तो शुक्रवारी दिवस असतानाच यायला हवा आणि रात्री त्याची सोय करायला हवी. म्हणजे गाद्या, मच्छरदाण्या, आणि पुन्हा आजींचं स्वयंपाकघर.

2024चा किप्पूर शनिवारीच होता. आदल्या संध्याकाळी पांढरे कपडे घालून लोक आळीत जमले तेव्हा मी बाहेर उभी होते. रस्त्यावर झेंडूचे ढीग, आपट्याच्या पानांच्या मोळ्या. आत दहा झाले, बारा झाले. किप्पूरला देव वर्षाचा हिशेब मिटवतो, त्याआधी माणसांनी आपसांतलं मिटवायचं असतं. दारात भेटणारा प्रत्येक जण समोरच्याचे हात धरून काही चुकलं असेल तर माफ कर असं म्हणत होता. दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर शोफार, म्हणजे एडक्याचं शिंग, फुंकलं गेलं आणि उपास सुटला. बाहेर तोवर सोनं वाटणं चालू झालं होतं.

आजोबांच्या आईच्या वर्षदिनाला मात्र अलिबागेत दहा जमले नाहीत. सणाला माणूस सुट्टी काढतो, दुसऱ्याच्या आईच्या वर्षदिनाला किती जण येणार? ते पहाटेच्या एसटीनं निघाले. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना तिकीट नाही, म्हणून दोघांचा प्रवास आता परवडतो. ठाण्याच्या शार हशामाईममध्ये, 1879 पासून उभ्या असलेल्या सिनेगॉगमध्ये, त्यांनी कद्दीश म्हटली. आई नवगावला पुरलेली आहे, जिथे समाज आपले पहिले बुडालेले पूर्वजही मातीआड झाले असं मानतो. कबर घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तिच्यासाठीची प्रार्थना खाडीपलीकडे.

मी आजोबांना विचारलं, दहा नाहीत म्हणून धर्म अडतो, असं नाही का वाटत? ते जरा वेळानं म्हणाले, "आमच्या माणसांनी कैक पिढ्या सेफेरशिवाय काढल्या. एक शेमाची प्रार्थना तेवढी पाठ होती, शनिवार होता, सुंता होती आणि बायकांचा स्वयंपाक होता. तेवढ्यावर टिकलो. मग शिकलो, पुस्तकं आली, सिनेगॉगं बांधली. आता पुन्हा घरावर आलोय."

त्यांच्या या बोलण्यात इतिहास आहे. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस समाजाचा इतिहास लिहिला, तो 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला. त्यात घरगुती सणांची आणि त्यांच्या मराठी नावांची बारकाईनं नोंद आहे. प्रार्थनास्थळं नव्हती त्या शतकांत धर्माचं सगळं ओझं वाहिलं ते घरानं. आजी-आजोबांच्या वर्षाकडे मी संपत आलेल्या गोष्टीची शेवटची पानं म्हणून पाहू शकत नाही, ते यामुळेच.

अश्दोदचा फोन

मुलगा, सून, दोन नातवंडं. हिवाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. आपला शब्बाथ आधी लागतो, आधी सुटतो, तिकडचा उशिरा. त्यामुळे शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी रात्री तिकडचा सुटेपर्यंत फोन नाही, आणि मग तासभर फक्त फोन. धाकटी नात मराठी समजते, बोलत नाही. थोरला नातू बोलतो, पण क्रियापदं शेवटी येईपर्यंत त्याला धीर नसतो. आजी त्याला दर शनिवारी एक गोष्ट वाचून दाखवतात आणि जुन्या सवयीनं मधेच थांबून विचारतात, "सांग, पुढे काय झालं असेल?"

जूनमध्ये ही घडी मोडली. 13 जूनला, शुक्रवारी पहाटे, इस्रायलनं इराणवर हल्ला केला आणि त्याच रात्री इराणची क्षेपणास्त्रं आली. इकडे दिवे लागले होते, शब्बाथ होता. मोबाइल कपाटात होता. शेजारचा मुलगा बातमी सांगायला आला तेव्हा आजी उठल्या, कपाट उघडलं आणि फोन चालू केला. आजोबा काही बोलले नाहीत. पहाटे मुलाचा निरोप आला, की सगळे इमारतीतल्या सुरक्षित खोलीत आहेत. 24 जूनला युद्धबंदी होईपर्यंत आजोबा रोज सकाळी मराठीतली स्तोत्रं मोठ्यानं वाचत. तिकडच्या मुलांसाठी वाचता का, असं विचारल्यावर म्हणाले, "मुलांसाठी. बॉम्ब कुठेही पडला तरी खाली मुलंच असतात." मे महिन्याच्या सुट्टीत न जमलेलं मुलाचं येणं जुलैत ठरलं होतं, तेही पुढे गेलं.

सोमवार

थोरला नातू या हिवाळ्यात तेरा वर्षांचा होतो. म्हणजे बार मित्सवा. त्या दिवसापासून तो दहांत धरला जाणार. अश्दोदला हे सहज होईल, तिथे बेने इस्रायलांची स्वतःची सिनेगॉगं आहेत. नातवानंच हट्ट धरला, की पहिल्यांदा तोरा वाचायची ती आजोबांच्या अलिबागेत.

दिवस कोणता, यावर सप्टेंबरभर खल चालला. शनिवार म्हटला की सगळ्यांची मुक्कामाची सोय आली. पण तोरा फक्त शनिवारीच वाचतात असं नाही. सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात, आणि तेव्हाचं वाचन छोटं, तिघांनाच पुढे बोलावतात. सोमवार-गुरुवारी प्रवासाला आडकाठी नाही. पण कामाच्या दिवशी दहा माणसं आणायची कुठून?

उत्तर आजींनी काढलं, त्या दोन कॅलेंडरांपुढे उभं राहून. अलिबागजवळ खंडाळ्याला एक खडक आहे. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, तिथून रथानं स्वर्गात गेला, ही समाजाची श्रद्धा आणि खडकावरच्या खुणा त्याच्या घोड्याच्या टापा आणि रथाच्या चाकाच्या. लोक त्याला टापा म्हणतात. ज्यू शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी हनाबीचा उरूस असतो, नवस बोललेले लोक लांबून येतात आणि मलिदा होतो. भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, मनुका, भोवती पाच फळं, खजूर, गुलाब, सब्जा. प्रत्येकासाठी निराळा आशीर्वाद म्हणायचा, झाडावरच्या फळासाठी एक, जमिनीतून येणाऱ्यासाठी एक, सुगंधासाठी एक. 2026 मध्ये हा दिवस 2 फेब्रुवारीला येतो.

"वार बघा," आजी म्हणाल्या.

सोमवार होता. मुंबई-ठाण्याची माणसं त्या दिवशी टाप्याला येणारच. त्यांना सकाळी आधी आळीत बोलवायचं, वाचन उरकायचं, नाश्ता द्यायचा आणि मग सगळ्यांनी मिळून खंडाळ्याला जायचं. आजोबांनी वहीत नवं पान काढलं आणि पहिलं नाव पेणच्या माणसाचं लिहिलं.

आता शुक्रवार सोडून रोज रात्री नातू फोनवर पाठ म्हणून दाखवतो. त्याची चाल शाळेत शिकलेली, आजोबांची जुनी. पहिले काही दिवस आजोबा अडवत होते. मग दोघांचं ठरलं, की वाचन नातवाच्या चालीत होईल आणि मलिद्याच्या वेळचं हनाबीचं गाणं आजोबांच्या चालीत. आजींचं म्हणणं निराळंच आहे. उरुसाला मागच्या वेळी पोहे कमी पडले होते. या वेळी दहा किलो लागतील, आणि नारळ आत्तापासून बाजूला काढायला हवेत, कारण वाडीत नारळ पाडणारा मुलगा फेब्रुवारीत परीक्षेला बसणार आहे.